एकादशीची शतपावली

त्या एकादशीला दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर पत्नीला पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखे होऊ लागले. उपवासाने तिला पित्त होते, हे मी फार वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते. बेंगळुरूत मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटबाहेर लांब कॉरिडॉर आहे. तिकडे बोट दाखवून मी म्हणालो, "शतपावली घाल. उतरेल."

"अहो, जबडापण दुखतोय."

"एवढं दाण्याचं कूट घातल्यावर आणखी काय होणार?"

ती कसनुशी हसली आणि चालू लागली. साठाव्या पावलाला भिंत धरून थांबली. मी दारातूनच म्हणालो, "आता चाळीसच राहिली." तीही तिने पुरी केली आणि उंबऱ्याशी खाली बसली. तिचा पदर घामाने भिजला होता.

इस्पितळात हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडण्यात आली. डॉक्टरीणबाई बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातल्या होत्या. कागद भरताना त्यांनी विचारले, "अण्णा, दुखायला लागल्यावर त्या पडूनच होत्या ना?"

मी "हो" म्हणालो.

मग, जणू ते खोटे झाकण्यासाठी, विचारले, "पण दुखत तर पोट होते?"

"पोट आणि हृदय, दोन्हीकडच्या वेदना मेंदूला वेगळ्या ओळखता येत नाहीत. स्नायू मात्र अगदी वेगळे. पोटाचा मृदू स्नायू. त्याच्या पेशी टोकांना निमुळत्या, पट्टे नाहीत. सावकाश आवळतो, सावकाश सैल होतो. इजा झाली तर पुष्कळसा भरूनही येतो. हृदयाच्या पेशींना पट्टे असतात, फांद्या असतात. एकीत एक अडकलेल्या, म्हणून एकीचा इशारा सगळ्यांना पोचतो आणि सगळी भिंत एकदम आवळते. ह्याला सुट्टी नाही. माणूस चालला की रक्त जास्त लागतं. ते मिळालं नाही तर पेशी मरतात, आणि त्या जागी नुसता व्रण राहतो."

त्यांनी सोनोग्राफी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. हृदयाची भिंत आवळत होती, सुटत होती. खालचा एक तुकडा मात्र निश्चल होता. मी पाहत राहिलो.

"ती पडून नव्हती," मी म्हणालो. "मी तिला चालवले. शंभर पावले."

त्यांनी आधीची ओळ खोडली. "सरी, ठीक आहे. लिहिते तसं."

"त्या मेलेल्या भागातला किती माझ्यामुळे?"

"ते कोणीच सांगू शकत नाही, अण्णा."

तो आकडा मिळाला असता तर कदाचित मी शिक्षा म्हणून स्वीकारला असता. तोही मिळाला नाही.

संध्याकाळी मी पत्नीला सगळे सांगितले, डॉक्टरांशी खोटे बोललो तेही.

"मीच नको म्हणायला हवं होतं," ती म्हणाली.

पडदा पाहताना बसला त्याहून मोठा धक्का मला तेव्हा बसला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला नको म्हटल्याचा एकही प्रसंग मला आठवेना.