करवंदवाडीची तार कोणी कापली

विठ्ठलवाडीच्या डेपोमागे राहणाऱ्या प्रतिभा सोनवणेला सगळी चाळ 'नेटवाली' म्हणते. कुणाचं इंटरनेट गेलं की आधी तिच्या दारावर थाप पडते. खरं तर घरोघरी वायर ओढणं हे तिचं काम नाही. ती फायबर जोडते. केसाएवढा बारीक काचेचा धागा तुटला की त्याची दोन टोकं सोलायची, पुसायची, सरळ कापायची, मशीनमध्ये समोरासमोर धरायची आणि ठिणगीने एकजीव करायची. टोक जरा तिरकं कापलं गेलं तर उजेड तिथेच अडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ती हे शिकली ते बघून बघून. उल्हासनगरात मुकेश सेठच्या केबलच्या ऑफिसात ती तक्रारी लिहून घ्यायच्या कामाला लागली होती. दोन वर्षं जॉइंट मारणाऱ्याच्या खांद्यावरून ती नुसती बघत राहिली. एक दिवस तो माणूस न सांगता सोडून गेला आणि त्याच दिवशी तीन गल्ल्यांचं नेट बंद पडलं. प्रतिभा म्हणाली, "सेठ, मी करून बघू?"

"अरे, मशीन बहुत नाजूक है," सेठ म्हणाला, पण दुसरा इलाजही नव्हता. पहिले दोन जॉइंट फुकट गेले. तिसरा लागला. सेठ मशीनच्या पडद्याकडे बघत म्हणाला, "साईं! तेरा हाथ तो दर्जी का है." ते खरंच होतं. तिची आई जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होती आणि सुया ओवून द्यायचं काम लहानपणी हिच्याकडेच असायचं.

पुढे तिला अंबरनाथच्या एमआयडीसीत कामं मिळू लागली. केमिकलच्या कंपन्यांत टाकीजवळ तांब्याच्या तारेची एक ठिणगी उडाली तरी घात व्हायचा. म्हणून तिथे टाकीच्या तापमानाचा निरोप काचेतून, उजेडाने पाठवतात. पहिल्या दिवशी गेटवरच्या साहेबाने तिच्या मागे नजर टाकून विचारलं, "जॉइंटवाला कुठाय?" ती म्हणाली, "तुमच्या समोर उभा आहे." नंतर तेच साहेब तिचं नाव घेऊन बोलावणं पाठवायला लागले.

करवंदवाडीचं काम आलं ते मार्चमध्ये. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या जंगलाच्या कडेला तीस-पस्तीस घरांची ही ठाकर आदिवासींची वाडी. तिथे मोबाईलला रेंज नाही. वर्षभरापूर्वी खांबांवरून फायबर नेलं, तेव्हापासून शाळेत नेट आलं आणि रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन चालू झालं. पण दोन महिन्यांत ती तार तीनदा तुटली होती.

"चोरी आहे ताई," तार टाकणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर अल्पेश म्हणाला. "त्यांना वाटतं आत तांबं आहे. एकाच्या घरी तुकडा पण सापडला. विकास नाव त्याचं. चौकीवर दिवसभर बसवला होता. तू फक्त जॉइंट मार आणि रिपोर्टात 'कापली' असं लिही."

प्रतिभाने पत्ता लिहून घेतला. पण 'चौकीवर बसवला' हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. तिच्या वडिलांवर कंपनीत एकदा पितळी व्हॉल्व्ह चोरल्याचा आळ आला होता. आठ दिवसांनी तो व्हॉल्व्ह स्टोअरमध्येच सापडला. माफी मात्र कुणी मागितली नाही. वडील रिटायर होईपर्यंत गेटवर स्वतःहून डबा उघडून दाखवायचे, वॉचमनने न मागताही.

वाडीवर पोचल्यावर तिने तपासणीचं यंत्र लावलं. तार कुठे तुटली ते अंतर यंत्राने सांगितलं: सहाशे दहा मीटर. ती खांब मोजत निघाली, तर मागून एक म्हातारी काठी टेकत आली.

"तू बी चोर धराया आलीस का गं बाय?"

ती कौसाबाई, विकासची आई.

"मी तार जोडायला आलेय, मावशी."

"मंग आयक. त्यो तुकडा तुमच्याच माणसांनी टाकला व्हता, तार वढली तवा. माज्या पोरानं त्याची कपडं वाळत घालाया दोरी केली. आन तार तुटली का आमचा अंगठा लागत नाय, तांदूळ मिळत नाय. आमचंच तांदूळ आमीच बंद करू काय?"

 दोघी मिळून चालत राहिल्या. तार जिथे तुटली होती तिथे एका जुन्या ऐनाच्या झाडाच्या फांद्या तारेला घासत होत्या. प्रतिभा शिडीवर चढली आणि टोक हातात घेऊन बघत राहिली. कोयत्याने किंवा पक्कडीने कापलेली तार एका रेषेत तुटते. ही कुरतडल्यासारखी होती. काळ्या आवरणावर जोडीजोडीने खाचा होत्या. आणि काचेभोवती मजबुतीसाठी जो पिवळा धागा असतो, तो तर वीतभर गायबच होता.

तिने ते टोक खाली कौसाबाईच्या हातात दिलं. म्हातारीने खाचांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि लगेच म्हणाली, "खार हाय ही. शेकरू नाय, त्याचं दात मोठं. ही बारकी खार."

"धागा कुठे गेला मग?"

कौसाबाईने वर बोट केलं. फांदीच्या बेचक्यात काटक्या-पानांचा गोळा दिसत होता. "घराला नेला तिनं."

म्हातारीने हाक मारली तसा विकास आला. तिशीचा, सडपातळ. प्रतिभाकडे त्याने बघितलंही नाही. काय हवंय ते आईकडूनच ऐकलं आणि झाडावर चढला.

"पिलं असतील, समदं वढू नको!" कौसाबाई खालून ओरडली.

विकास उतरला तेव्हा त्याच्या मुठीत सुकी साल, कापूस आणि त्यात गुंतलेला पिवळा धागा होता. प्रतिभाने तो तारेतल्या धाग्याशेजारी धरला. दोन्ही एकच. तिने टोकाचे, घरट्याचे, धाग्याचे फोटो काढले. मग ऐनाच्या सावलीत मशीन उघडून बसली. तास-दीड तासात तारेतले बाराही काचेचे धागे जोडून झाले. नेट सुरू झालं तसा शाळेच्या ओट्यावर बसून तिथल्या वायफायवरून तिने पहिला फोन अल्पेशला लावला.

सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, खार लिहिलीस तर खर्च आपल्या अंगावर येतो. तार झाडातून का नेली, असं विचारतील. चोरी लिही, विषय संपला."

"विषय तुमचा संपेल. त्या माणसाचं नाव चौकीवर लिहिलेलं आहे."

"तुला काय करायचंय?"

"मी जे बघितलं तेच लिहिणार."

ओट्यावरच तिने रिपोर्ट लिहिला आणि परत जाताना ती विकासला घेऊन चौकीवर थांबली. हवालदाराने फोटो पाहिले, पिशवीतला धागा चिमटीत धरला आणि हसला. "आता काय खारीचा जबाब घेऊ?" प्रतिभा हसली नाही. ती समोरच्या बाकावर बसून राहिली. शेवटी त्याने रिपोर्टाची प्रत ठेवून घेतली आणि विकासच्या नावापुढे लिहिलं की याच्याविरुद्ध काही आढळलं नाही. विकासने ती ओळ स्वतः वाचली, दोनदा. बाहेर आल्यावर तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला, "ताई, येष्टी हितनं मिळंल तुमाला." एवढंच.

पुढचे चार महिने अल्पेशचा फोन आला नाही. त्याची कामं गेली, तशी प्रतिभा मुकेश सेठच्या गल्ल्या आणि अंबरनाथच्या कंपन्या यांवर भागवत राहिली. ओढाताण झाली, पण तिने कुणाकडे तक्रार केली नाही. तिकडे करवंदवाडीची तार आणखी दोनदा तुटली. दुसऱ्या जॉइंटवाल्यानेही खारच लिहिली. मग कुठे वरच्या साहेबांनी मार्ग बदलायचा, पोलादी कवचाची तार टाकायची असं ठरवलं.

अल्पेशचा फोन आला. "ताई, करवंदवाडीचे जॉइंट तूच मार. तिथली माणसं आता दुसऱ्या कुणाला खांबाला हात लावू देत नाहीत."

"येते. पण तुम्ही सोबत या आणि कौसाबाईंशी बोला."

 "काय बोलू?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

अल्पेश आला. कौसाबाईच्या अंगणात उभा राहून त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "मावशी, चूक झाली आमची." म्हातारीने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग आत जाऊन तांब्याभर पाणी आणून दिलं. "मला सांगून काय व्हतंय? चौकीवर त्यो बसला व्हता."

विकास घरामागे लाकडं फोडत होता. अल्पेश तिकडे गेला. दोघांत काय बोलणं झालं ते प्रतिभाला ऐकू आलं नाही. कुऱ्हाडीचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, एवढंच कळलं. अल्पेश परत आला तो मान खाली घालून. "माफ केलं नाही म्हणाला. पण नव्या खांबांचे खड्डे खणायला माणसं देतो म्हणाला."

"बरोबर आहे त्याचं," प्रतिभा म्हणाली आणि मशीनची पेटी उचलून पहिल्या खांबाकडे निघाली.