मोरूदादांच्या जीपीएसमधले मार्क

ये गं तन्वी, जवळ बस. पुण्यात आहेस, समोर नाहीस, ठाऊक आहे मला. पण बसलीस असं समजूनच लिहिते. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करत दुसरीकडे काहीतरी टाइप करत असतेस. मला कीबोर्डचा आवाज येतो हो! परवा फोन बादलीत पडला, फोटो गेले, म्हणून रडलीस. बॅकअप घे म्हणून किती वेळा सांगितलं होतं? आयटीत नोकरी करतेस, लोकांचे सर्व्हर सांभाळतेस, आणि स्वतःचा फोन उघडा. बरं, राहू दे. ओरडायला नाही बसवलं तुला. बॅकअपवरूनच माझ्या मनाला लागलेली एक गोष्ट आहे, ती सांगायचीय.

दोन वर्षांमागची नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. माझ्या टेबलावर टॉवेलात गुंडाळलेलं एक मशीन ठेवून मोरूदादा म्हणाले, "बाय, याला नारल लागला."

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. भाईंदर वेस्टला, उत्तनची बस जिथून सुटते तिथून जवळच माझा रिपेअरिंगचा गाळा आहे. मी इंजिनियर नाही. टायपिंगच्या क्लासात शिकवायची. तिथे कॉम्प्युटर आले, बिघडले, आणि मेकॅनिक आठ-आठ दिवस फिरकेना, म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. शिकले ती खोलून खोलून. पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकले साठीनंतर, यूट्यूबवर बघून. आमच्या इंद्रलोकमधल्या सोसायटीत पाणी कधी येणार त्याचा मेसेज सगळ्यांना जातो ना, तो प्रोग्राम माझा आहे. पाणी वेळेवर येत नाही, मेसेज येतो.

तर "नारळ लागला" म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे सण झाला की पूजेचे पेशंट येतात. दसऱ्यानंतर कीबोर्ड उलटा केला की अक्षता पडतात. सीपीयूच्या पंख्याला हळदकुंकू. एका सीएच्या ऑफिसातला प्रिंटर तर मी झेंडूच्या पाकळीपासून सोडवलाय. श्रद्धेला माझं काही म्हणणं नाही, मीसुद्धा माझ्या सोल्डरिंगच्या मशीनला फूल वाहते. फक्त प्लग काढून वाहते.

मोरूदादा उत्तनचे. स्वतःच्या बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान म्हणा. सीझन उघडताना त्यांनी बोटीची पूजा केली, इंजिनाची केली, जाळ्यांची केली, आणि जीपीएसचीही केली. नारळ फोडला तो नेमका त्याच्या डोक्याशी. मग चिकट झालं म्हणून त्यांच्या बायकोने, चांगुणाबाईंनी, ओल्या फडक्याने चांगलं रगडून पुसलं.

"नंतर चालू करून बघितलंत?" मी विचारलं.

"चार वेला."

"एकदा नाही ना भागलं?"

"पयल्यांदी न्हाय लागला म्हनून तर दुसऱ्यांदी लावला!"

सगळे हेच करतात. ओलं मशीन चालू करतात आणि होतं नव्हतं ते जाळतात. नारळाचं पाणी साध्या पाण्यासारखं नसतं, त्यात क्षार असतात, तांब्यावर हिरवा गंज चढतो. मी खोललं, स्पिरिट आणि मऊ ब्रशने बोर्ड साफ केला. स्क्रीनला जोडणारी पातळ पट्टी गेली होती. पार्टवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "आंटी, ये मॉडल तो कब का बंद हो गया, नया ले लो ना." हे एक वाक्य सगळे पार्टवाले पाळण्यातच शिकतात की काय कोण जाणे. शेवटी भंगारातल्या दुसऱ्या एका मशीनची पट्टी मिळाली. ती बसली. स्क्रीन उजळला.

मोरूदादांनी पहिलं काय केलं असेल? मशीन झपकन उचललं आणि पाठ फिरवून उभे राहिले. खिडकीकडे तोंड करून बटणं दाबत राहिले. मग खांदे सैल झाले.

"हायत. सगले हायत."

"काय आहेत?"

"मार्क."

मार्क म्हणजे भर समुद्रातल्या जागा. कुठे म्हावरं, म्हणजे मासळी, लागते, कुठे तळाशी खडक आहे आणि जाळं फाटतं, ती जागा बोटीतून जाताना बटण दाबून मशीनमध्ये साठवायची. आपण मॅपवर घराचं लोकेशन सेव्ह करतो, तसंच. फरक एवढाच, की तांडेलाचे मार्क फक्त तांडेलाचे असतात. सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. खलाशी बोटीवर असतात, पण स्क्रीन तांडेलाच्या बाजूला वळवलेला असतो. मोरूदादांच्या त्या मशीनमध्ये त्यांची सगळी कमाईची वर्षं होती.

मशीन बंद करण्याआधी मी आतला बटण सेल मीटरवर तपासला. आणि माझं तोंड उतरलं.

हे समजावून सांगते. त्या जुन्या मॉडेलची मेमरी विसराळू. करंट गेला की विसरते. म्हणून आत घड्याळात असतो तसा एक छोटा सेल असतो, मशीन बंद असताना तो मेमरीला जागं ठेवतो. तो सेल मरायला टेकला होता. आणि सॉकेटमध्ये नाही, बोर्डावर डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेला. काढला की मार्क गेले. मशीन चालू ठेवून बदलता येतो, पण माझा हात एकदा जरी चुकला तरी गेलेच. आधी सगळं कॉपी करून घ्यायचं, मग निवांत सेल बदलायचा, हाच शहाणा रस्ता. मागे केबलची जागा होती. माझ्याकडे केबल होती. दहा मिनिटांचं काम.

"दादा, कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेते."

"म्हंजी ते तुज्याकडं ऱ्हानार."

"पेनड्राइव्हवर देते तुम्हाला. माझ्याकडचं पुसून टाकते, तुमच्या समोर."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना शिळं म्हावरं ताजं म्हणून विकतेय. "बाय, माज्या पुतनीच्या लग्नाचे फोटो पुसले गेलते. ते परत कोनी काडून दिले?"

मीच दिले होते. रात्रभर बसून. आणि गावभर मिरवलीही होती ती गोष्ट.

"मंग? पुसलेला परत येतो. तूच दाखवलास."

माझीच विद्या माझ्या आड आली. मग मी दुसरा रस्ता काढला. त्यांचा मुलगा रमाकांत बी.कॉम. झालेला, लॅपटॉप असलेला. म्हटलं, केबल घरी न्या, त्याला सांगते कसं करायचं, मी बघतसुद्धा नाही.

"रमाकांतला अजून न्हाय द्यायचे."

"का? बोट तोच चालवणार ना पुढे?"

"सुकान हातात देईन तवा मार्क देईन. माज्या बापानं मला तसाच दिला. पुडच्या वर्साला, नारल सोडला का बसवीन त्याला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याचे दोस्त लय. मोबाइलवर ग्रुप हाय पोरांचा. एकदा तिथं गेला का सगल्या बंदराचा झाला."

इतक्यात त्यांना फोन आला आणि ते बोलायला बाहेर गेले. रस्त्यावर गोंगाट, म्हणून पार कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. मशीन माझ्यापुढे, उघडं, स्क्रीन चालू. केबल ड्रॉवरमध्ये. तन्वी, मी ड्रॉवर उघडलासुद्धा. आणि परत लावला. माणूस नाही म्हणाला होता.

ते आत आल्यावर एवढंच सांगितलं, की मशीन फार दिवस बंद ठेवू नका. रोज चालू होत राहिलं तर सेलवर भार कमी येतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा घरी अडॅप्टरवर जोडून चालूच ठेवा. अडॅप्टरही दिला. "आनि तू कोनाला बोलू नको," ते म्हणाले. नाही बोलले.

सीझनभर मशीन व्यवस्थित चाललं. बंदी लागायच्या आधी मी फोनवर आठवणही करून दिली. "व्हय बाय, ध्यानात हाय." मला बरं वाटलं.

पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर दोघं आले, बापलेक. मशीन त्याच टॉवेलात. ह्या खेपेला कोरडं होतं, स्क्रीनही लागत होता. नकाशा दिसत होता, किनारा दिसत होता. मार्क एकही नाही. जसं काही आजच दुकानातून आणलंय.

"घरी चालू ठेवलं होतं ना दादा?"

रमाकांत म्हणाला, "मावशी, मशीन पेटीत होता. कुलूप लावून. मी विचारलं तर बोलले, हात लावू नको."

बाहेर चालू ठेवलं असतं तर मुलाने बघितलं असतं. म्हणून ते आत गेलं. पेटीत प्लग नव्हता.

मोरूदादा म्हणाले, "फोटो काडलेस तसा काड."

मी खोललं. सेल शून्य. तरी मेमरी वाचून बघितली, दोन प्रकारे बघितली, कारण ते दोघं समोर बसले होते आणि मला लगेच "नाही" म्हणवत नव्हतं. मग सांगितलं. फोटो कार्डावर होते. कार्डावर पुसलं म्हणजे फक्त 'ही जागा रिकामी' अशी पाटी लागते, आतलं सामान बराच काळ तिथेच असतं. ह्या मेमरीत तसं नसतं. दिवा विझल्यावर उजेड कुठे गेला, असं विचारण्यासारखं आहे ते.

"एक पन न्हाय?"

"एकही नाही, दादा."

रमाकांतने विचारलं, "बाबा, तुम्हाला तोंडी किती आठवतात?"

जवळचे आठवत होते. ते त्यांनी बापाकडून डोळ्यांनी शिकलेले. डोंगराचं टोक आणि दीपगृह एका रेषेत आलं की अमुक जागा, असं. त्यातलेही काही गेले, कारण मध्ये टॉवर उभे राहिले आणि जुन्या खुणा झाकल्या. लांबचे सगळे मशीन आल्यानंतरचे. ते त्यांनी कधी लक्षात ठेवलेच नव्हते. मशीन होतं ना.

रमाकांतने टेबलावरचे स्क्रू एकेक करून गोळा केले. मग अगदी हळू म्हणाला, "मी ग्रुपवर टाकीन असं वाटलं तुम्हाला?"

मोरूदादा उठले, टॉवेल झटकला, घडी केली. "चल," एवढंच म्हणाले. मशीन टेबलावरच राहिलं. रमाकांत परत येऊन घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "मावशी, तुम्हाला माहीत होतं ना सेलचं?"

होतं. मी म्हटलं, "तुला सांगू नको म्हणाले होते." त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या सीझनला त्यांची दोनदा जाळी फाटली, खडकांवर. आधी त्या खडकांना वळसा घालून जायचे ते. म्हावरंही कमी लागलं. दुसऱ्या बोटीवाल्यांना विचारायची सोय नाही, कोण सांगणार? आता रमाकांत नवीन मशीन घेऊन जागा शोधतोय. ह्या नव्यात मेमरी पक्की आहे, सेल मेला तरी मार्क राहतात. तेवढं कौतुक मी नव्या गॅजेट्सचं करते, एरवी त्यांच्या चिकटवलेल्या बॅटऱ्यांना शिव्याच देते. दादा बोटीवर बाजूला बसतात. स्क्रीन दोघांच्या मध्ये असतो, असं चांगुणाबाई सांगत होत्या.

मला ड्रॉवरचं वाईट वाटत नाही. तेव्हा केबल लावली असती तर आज मार्क असते आणि मोरूदादा माझ्या गाळ्याची पायरी पुन्हा चढले नसते, आणि ते बरोबरच असतं. मला वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. पेनड्राइव्हला पासवर्डचं कुलूप लावता येतं. त्यांनीच टाइप करायचा, मी तोंड फिरवून बसायचं, पासवर्डशिवाय मलाही तो उघडता येत नाही. घरी बसून अशी कुलपं मी गंमत म्हणून किती वेळा बनवली आहेत! त्या दिवशी सुचलं नाही. मी त्यांना सारखी सांगत राहिले, की मार्क जातील, जातील. जाण्याची भीती त्यांना नव्हतीच. कोणी बघेल ही होती. मी भलत्याच दुखण्याचं औषध देत बसले.

आता गिऱ्हाइकाला "बॅकअप आहे का?" असं मी आधी विचारत नाही. आधी विचारते, "यातलं कोणाला दिसू नये असं काही आहे का?" पहिल्यांदा सगळे "छे छे" म्हणतात. मग खुर्ची ओढून जवळ बसतात. त्यानंतर बॅकअपचं काम सोपं असतं.

एक राहिलं. मोरूदादा मध्यंतरी माझ्या गाळ्यात आले होते, काही काम नसताना. चहा घेतला आणि त्यांच्या बापाच्या खुणा सांगत बसले, डोंगर, दिवा, वाऱ्याची बाजू. मला त्यातलं निम्मंच कळलं. फोन बाजूला ठेवलास तर तुझं लक्ष चांगलं आहे, तुला जास्त कळेल, आणि त्यांना ऐकणारं माणूस हवंय. पुढच्या रविवारी ये. आपण दोघी उत्तनला जाऊ. मात्र सकाळचीच ये हो, दुपारी ते झोपतात.