पुढची

मंगळवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत तिसरीचा वर्ग एका लांबट सोप्यात भरायचा. भिंतीच्या कडेनं तरटाची पट्टी अंथरलेली आणि तिच्यावर मुली नंबरानं बसलेल्या. पहिला नंबर खिडकीशी, उजेडात. शेवटचा दाराशी, जिथे पाण्याची घागर आणि केरसुणी असे. महाराज गादीवर येऊन वीसेक वर्षं झाली होती, शहरात नव्या शाळा आणि वसतिगृहं निघत होती. पण या सोप्यातली चाल जुनीच होती.

चाल अशी. प्रश्न पहिल्या मुलीला विचारायचा. तिला आला नाही की म्हणायचं, "पुढची." तिलाही आला नाही की, "पुढची." जिला येईल तिनं उठायचं, चुकलेल्या प्रत्येकीच्या थोबाडीत मारत वर जायचं आणि त्यांच्या वर बसायचं. याला नंबर घेणं म्हणत. हात हलका पडला, तर कसं मारायचं हे मास्तर त्या मारणाऱ्या मुलीच्याच गालावर दाखवत.

या वर्गावर अंबूबाई आल्या. जोतिबाच्या पायथ्याच्या एका वाडीतल्या शेतकऱ्याची ही मुलगी. लग्न झालं आणि दोन वर्षांत कपाळ मोकळं झालं. थोरल्या भावानं भाऊबंदांची बोलणी खाल्ली आणि तिला मास्तरणीच्या परीक्षेला बसवलं. अंगानं किडकिडीत, आवाज घोगरा. चालताना उजव्या हाताची बोटं भिंतीवरून फिरवीत जायच्या. त्यामुळे बोटांची टोकं नेहमी चुन्यानं पांढरी असत.

पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीकडे पाठ केली, घागरीपाशी उभ्या राहिल्या आणि पहिला प्रश्न शेवटच्या मुलीला विचारला. आणि थांबल्या. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई "पुढची" का म्हणत नाहीत?

बाई तो शब्द म्हणायच्याच नाहीत. थोबाडीत मारणंही त्यांनी आपल्या वर्गापुरतं बंद केलं. हेडमास्तर गणपतराव हसून विचारायचे, "मग तुमच्या पोरी शिकतात कशाच्या भीतीनं?"

"वरच्या पोरी माझ्याशिवायही शिकतात, साहेब," बाई म्हणायच्या. "मला पगार मिळतो तो दाराशी बसणाऱ्यांचा. आणि त्यांना येत नाही असं नसतं. त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही, एवढंच."

गणपतराव काही वाईट माणूस नव्हते. मुलींना शाळेत आणायला ते घरोघर हिंडलेले होते. फक्त एकेका मुलीकडे बघण्याची त्यांना सवय नव्हती. ते शाळा बघत.

दाराशी बसायची ती नजीरा. इमाम नालबंदाची मुलगी. घोड्याला नाल ठोकताना खूर जळतो, त्याचा वास तिच्या झग्याला कायम असायचा, आणि शेजारी बसायला धोंडुबाई सोडून कुणी तयार नसायचं. नजीरा प्रश्न ऐकायची, समोर बघायची आणि गप्प राहायची. खिडकीशी पहिल्या नंबरावर बाळाबाई बसे. हंबीरराव इनामदारांची मुलगी, गोरी, हुशार आणि तोंडाळ. इमाम याच हंबीररावांच्या पागेतल्या घोड्यांना नाल मारी.

"काय गं नजीरे," बाळाबाई तिथून ओरडायची, "तुझ्या बानं जिभेला बी नाल ठोकलाय व्हय?" सगळा सोपा हसायचा. नजीराही थोडी हसायची, आणि ते बघवत नसे.

बाईंनी पावसाळाभर तिच्यापाशी थांबून बघितलं, तेव्हा त्यांना उलगडा झाला. नजीराला उत्तर येत होतं. फक्त ते यायला वेळ लागत होता. विहिरीतून दोर लांब असलेली घागर वर यावी तसा. आणि ती वर येईपर्यंत आजवर प्रत्येक मास्तरानं "पुढची" म्हटलेलं होतं.

हे कळलं त्याच आठवड्यात इमाम मुलीला न्यायला आला. बाई त्याच्यामागोमाग त्याच्या घरी गेल्या. अंगणात एक तट्टू बांधलं होतं, इमामनं त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला.

"मास्तरीणबाई, पोरगी मंद हाय. तिचा दोष न्हाय, माझाबी न्हाय," इमाम म्हणाला. "आजऱ्याला माझी बहीण हाय. तिची चार लेकरं सांभाळायला हात पायजेत. तितं धाडून देतो."

आतून नजीराची आई रोशनबी बोलली, "मंद कशाची? घरात बोलती की! बकरीसंगट तर थांबत न्हाय."

"मंद नाही ती," बाई म्हणाल्या. "परीक्षेला शाळातपासणीचे डिपुटी येतील. त्यांच्यापुढे पास झाली तर शाळेत ठेवाल?"

इमामनं तट्टाचा पाय खाली सोडला. "ठेवीन. पास झाली तर शिकंल तवर शिकवीन. न्हाय झाली तर त्याच दिशी गाडीत बसवीन. मग तुमी आडवं याचं न्हाय."

त्या दिवसापासून बाईंना दुसरं काही सुचेना. रोज शाळा सुटली की नजीराला घागरीपाशी बसवून पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे आणि शेवटी साडेतीनचा पाढा, औटकी. प्रश्न विचारायचा, आणि चुना लागलेली बोटं पदराला पुसत थांबायचं. खिडकीशी बसणाऱ्या मुली घरी जाऊन सांगू लागल्या, की बाई आमच्याकडे पाठ करून शिकवतात. त्यात खोटं काही नव्हतं.

डिपुटी आले. डोक्याला जरीचा रुमाल, हातात घड्याळ, मागे गणपतराव. त्यांनी बाईंची रीत मोडून वरून सुरुवात केली.

"सतरा औट?"

बाळाबाई घाईनं म्हणाली, "साडेअठ्ठावन्न!"

"पुढची."

प्रश्न पट्टीवरून पळत खाली आला. पुढची, पुढची, पुढची. धोंडुबाईनं खाली मान घातली. "पुढची," डिपुटी म्हणाले, नजीराकडे एकदा बघितलं आणि वळू लागले.

"साहेब," अंबूबाई म्हणाल्या, "हिच्यापाशी जरा थांबाल?"

गणपतराव खाकरले. डिपुटींनी घड्याळ उघडलं आणि ते थांबले. बाहेर एक टांगा येऊन गेला. नजीरा समोर बघत होती. बाईंना वाटलं, आता संपलं, आजरा.

"साडेएकोणसाठ," नजीरा म्हणाली.

"शाबास!" डिपुटी मनापासून खूश झाले. "सगळ्या वर्गात एकटी. घे नंबर! आमच्या वेळी नंबर घेणारा पोरगा वरपर्यंत पोचायचा तेव्हा त्याचा हात सुजलेला असायचा."

"माझ्या वर्गात ती पद्धत नाही, साहेब," बाई म्हणाल्या.

"शाळेत आहे," गणपतराव हळूच म्हणाले. "आणि बाई, तुम्ही मघापासून तिच्या शेजारीच उभ्या आहात. तिनं नंबर घेतला नाही, तर उत्तर कुणी तरी पुरवलं असं साहेबांना वाटायला नको."

नजीरानं बाईंकडे बघितलं. त्या नजरेत एकच प्रश्न होता, आणि या खेपेला वेळ बाईंना लागला. मग त्यांनी मान हलवली. मनात म्हणाल्या, पोर हात नुसता लावील. सोप्यातून एकदा चालायचं आणि पास व्हायचं.

आणि नजीरानं हात नुसताच लावला. धोंडुबाईच्या गालाला तर बोटंसुद्धा टेकली नाहीत. "गोंजारतेस काय?" गणपतराव म्हणाले, आणि डिपुटी हसले. ती खिडकीपाशी पोचली. बाळाबाई ताठ बसली होती. ओठ न हलवता पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "हात लावून बग माझ्या अंगाला. खूरजळ्याची पोर."

नजीरा थांबली. उत्तरासाठी थांबायची तशीच, समोर बघत. सगळा सोपा तिच्यासाठी थांबला. मग तिनं हात मागे नेला आणि मारली. आवाज भिंतीवर जाऊन परत आला. बाळाबाईच्या कानातली बुगडी निसटून तरटावर पडली.

अंबूबाईंना आनंद झाला. तो त्यांना पायाच्या नखापर्यंत जाणवला. बाळाबाईचा गाल लाल होताना त्या बघत राहिल्या, आणि डिपुटी काय बोलतायत तेही त्यांना क्षणभर ऐकू आलं नाही.

नजीरा पास झाली.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांचा कारभारी येऊन गेला. तो गेल्यावर गणपतरावांनी बाईंना बोलावलं. "इनामदारांनी फार ताणलेलं नाही," ते म्हणाले. "पोरीनं वर्गापुढे मारली, तर वर्गापुढेच परत घ्यावी. एकट्या बाळाबाईनं नव्हे. नाही तर सूड घेतला असं दिसेल. सगळ्या मुलींनी, नंबरानं. मग इमामाचं पागेतलं काम राहील."

"मी राजीनामा देते."

"द्या की. त्यानं इमामाचं काम राहत नाही, आणि पोरगी आजऱ्याला जाते. तुमचं मन तेवढं स्वच्छ राहील." ते चिडलेले नव्हते. "वर्ग तुमचा आहे, बाई. 'पुढची' तुम्हालाच म्हणावं लागेल. मी म्हटलं तर शिक्षा झाल्यासारखं वाटेल."

इमाम दाराशी येऊन उभा होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. बाई त्याच्याकडे गेल्या तशी तोच आधी बोलला. "म्हणा की, बाई. चार थपडा तर हायत. मी घोड्याच्या लाथा खाऊन जिता हाय. पास झालीया पोरगी, मी शब्द मोडणार न्हाय. काम ऱ्हायलं तर शाळाबी ऱ्हातीया." मग आत बघून मोठ्यानं म्हणाला, "बाळाबाईसाहेब, मारा. काय मनात आणू नका."

नजीराला मध्ये उभं केलं. बाळाबाई उठली. तिनं मारली आणि जागेवर जाऊन बसली, एकदाही मागे न बघता. सगळ्या बाईंकडे बघत होत्या.

"पुढची," अंबूबाई म्हणाल्या.

दुसरी उठली. "पुढची." काही मुलींनी हळू मारली, काहींना मारताना मजा येऊ लागली, एक तर मारून स्वतःचा तळहात बघत बसली. "पुढची." घोगरा आवाज कुठेही अडला नाही, कारण अडला असता तर इमामनं दाराशी उभं राहून सोसलेलं सगळं फुकट गेलं असतं. नजीरा समोर बघत होती. गाल सुजत चालला होता, डोळ्यांत पाणी नव्हतं.

शेवटी धोंडुबाई राहिली. तिचा हात उठेना. ती रडायला लागली. "हिनं तर मला हातबी लावला न्हवता," ती म्हणाली.

"बाई, कसं मारायचं ते दाखवा तिला," गणपतराव म्हणाले.

अंबूबाई एक पाऊल पुढे आल्या. चुन्याचा तो पांढरा हात कुणाच्या गालाकडे जाणार हे धोंडुबाईला कळलं, आणि बाईंना दाखवावं लागू नये म्हणून तिनं डोळे मिटले आणि नजीराला जोरात मारली.

इमामनं टोपी डोक्यावर घातली, सगळ्यांना सलाम केला आणि कामावर गेला.

त्यानं शब्द पाळला. नजीरा शाळेत राहिली. डिपुटींनी दिलेला नंबर काढून घेणं कुणाच्या हातात नव्हतं, म्हणून ती खिडकीशी बसू लागली, बाळाबाईच्या वर, उजेडात. धोंडुबाई दाराशी एकटी उरली.

आठवडाभर बाईंनी नजीराला काही विचारलं नाही. गालाची सूज उतरायची त्या वाट बघत होत्या. मग एका दुपारी त्या सोपा ओलांडून खिडकीपाशी गेल्या, तिच्यासमोर खाली बसल्या आणि अगदी सोपा प्रश्न विचारला.

"नजीरा, नऊ दिडं किती?"

आणि थांबल्या. नजीरा समोर बघत राहिली. बाई पदराला बोटं पुसत राहिल्या. साडेतेरा, उत्तर तिच्या ओठांशी आलेलं बाईंना दिसत होतं. आजवर इतकं वर आलेलं उत्तर कधी परत गेलं नव्हतं.

नजीरानं मान वळवून शेजारच्या बाळाबाईकडे बघितलं, मग बाईंकडे. आवाजात राग नव्हता. बाईंचं एखादं काम आपण हलकं करावं, असं काहीसं होतं.

"पुढची म्हणा की, बाई," ती म्हणाली.