खळीवरचं वजन

मेकॅनिकलवाल्यांचं जग लोखंडाचं. बॉयलर, गिअर, लेथ. त्यात ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला दौलत नाखवा पीएचडीला बसला, तो खळीसारख्या लिबलिबीत पदार्थावर. धड पाणी नाही, धड दगड नाही, असा तो पदार्थ वजनाखाली किती सावकाश बसतो हे त्याला मोजायचं होतं. कॉलेजातले लोक त्याला ‘खळीचा डॉक्टर’ म्हणायचे. म्हणोत बापडे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून आलेल्या माणसाला असल्या चिडवण्याचं काय!

खरी गोम होती वेळेची. एकदा वजन ठेवलं की त्या पदार्थाला महिनोन् महिने धक्का लागता कामा नये, की यंत्रातली ऊब कमीजास्त होता कामा नये. आधीचे दोन प्रयोग विजेच्या लहरीपायी फुकट गेले होते. विद्यापीठाने मुदत एकदा वाढवून दिली होती आणि तीही वर्षअखेर संपत होती. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेला हा तिसरा प्रयोग दिवाळीपर्यंत टिकला असता तर प्रबंध पुरा झाला असता. नाहीतर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.

त्याची आई दगडाबाई बाजारात मासळी विकायची. गिऱ्हाइकाला सुरमई कापून देता देता सांगायची, “माजा पोर डागतर व्हनार हाय.” कसला डॉक्टर, असं कुणी विचारलं की तिची पंचाईत व्हायची. मग ती सुरमईचा भाव सांगायची.

कॉलेज होतं कल्याणजवळ. तिथल्या लॅबची किल्ली महिपत शिपायाकडे असे. महिपत साताऱ्याकडचा, पापभीरू माणूस. दौलतवर त्याचा भारी जीव. चहाचा कप पुढे ठेवून रोज म्हणायचा, “साहेब, औंदा तुमचं होणार बघा.”

खंडेनवमीला लॅबमध्येही यंत्रांची पूजा व्हायची. दौलतने आपल्या यंत्रावर ‘हात लावू नये’ अशी पाटी टांगली आणि देवीच्या नैवेद्याला घरी गेला. महिपतला चार शब्द तोंडाने सांगितले असते तर काय जीभ झडली असती? पण त्याला वाटलं, पाटी पुरे.

दसऱ्यानंतर तो लॅबमध्ये शिरला तेव्हा यंत्र लखलखत होतं. तेलपाणी झालेलं, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार. वजन घासूनपुसून शेजारी मांडलेलं. खळ नव्हतीच.

“तुमचं मशीन सगळ्यांच्या आधी पुजलं,” महिपत त्याच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवत म्हणाला. “पाटी बघितली ना मी. म्हटलं, पारोशा हातानं कोण लावतंय? आंघोळ करून, चपला बाहेर काढून आत आलो.”

“आणि त्यातलं ते?”

“ते होय! किती महिन्यांचं शिळं होतं साहेब. देवापुढं तसलं कसं ठेवायचं? नळाखाली धुऊन टाकलं.”

दौलतला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. समोर महिपत शाबासकीची वाट बघत उभा. याच्यावर चिडायचं तरी कसं? त्याने खोबरं तोंडात टाकलं.

त्याचे मार्गदर्शक केळशीकर सर संतापले. “कुणी केलं हे? नाव सांग. आजच घालवतो त्याला.”

“माझ्याच हातून वजन पडलं सर.”

सरांनी कपाळाला हात लावला. मुदत पुन्हा वाढली नाही. दौलत वागळे इस्टेटला परतला, दुसऱ्या कारखान्यात, पहिल्यापेक्षा खालच्या जागेवर. दगडाबाईला त्याने एवढंच सांगितलं, “आये, नाय जमलं.” त्यानंतर ती गिऱ्हाइकांशी फक्त मासळीचंच बोलायची.

पुढे बऱ्याच वर्षांनी कल्याणच्या बाजारात महिपत भेटला, रिटायर झालेला, बरोबर सून. दौलतला बघून त्याचा चेहरा फुलला.

“पाया पड गं,” तो सुनेला म्हणाला. “हे आपले डॉक्टरसाहेब. ह्यांचं मशीन मी पुजायचो.”

सून भर बाजारात वाकली. दौलतने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.