बाईंच्या ताटातला रुमाल

मानवतला एका पारशी बाईंच्या घरी मी बरीच वर्षं स्वयंपाक केला. चारचौघांत बोलणं मला जमत नाही, म्हणून वहीत लिहिते.

बाईंच्या आजेसासऱ्यांची इथं कापसाची जिनिंग गिरणी होती. पण स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधी ते पहिल्यांदा आले तेव्हा स्टेशनावर सोड्याच्या बाटल्या विकायचे. गुजरातीशिवाय भाषा येत नव्हती. तरी थोड्याच वर्षांत कापसाचे मोठे व्यापारी झाले. कसे, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. मला मात्र भांडी घासतानाही तेच मनात यायचं. न बोलता माणूस एवढा वर येतो तरी कसा?

त्या आजेसासऱ्यांचा, म्हणजे बाईंच्या बावाजींचा, एक मळका लाल रुमाल घरात होता. पतेतीला बाई तो चांदीच्या ताटात ठेवायच्या, गुलाबपाणी शिंपडून डोळ्यांना लावायच्या. उंबऱ्यावरची खडूची नक्षी मी काढायचे, पण त्या रुमालाला कधी बोट लावलं नाही.

यंदा बाई पुण्याला पुतण्याकडे कायमच्या निघाल्या. सामान थोडंच न्यायचं होतं, आणि रुमालाचं काय करावं ते ठरेना.

“डिकरी, देवाची वस्तू फेकायची कशी? अग्यारीत पाठवू?” चार दिवस त्या मलाच विचारत होत्या.

पाचव्या दिवशी पोखर्णीहून माझे वडील ट्रंका उचलायला आले. आबांनी जन्मभर बैलांची दलाली केली. त्यांनी ताटातला रुमाल सरळ उचलून हातावर पसरला. मी ताट पुढे केलं.

“आबा, ठेवा! देवाचा हाय तो.”

“कशाचा देव? सौद्याचा रुमाल हाय. ह्याच्याखाली एकमेकाची बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंड उघडायचं कामच न्हाई. अन् ठरलेला भाव तिसऱ्याला सांगायचा न्हाई. आमी बैलं अशीच विकली.”

बाईंनी रुमाल आपल्या हातात घेतला. मग इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“म्हणजे बावाजींनी बोटांनी कापूस घेतला! आणि मी वेडी त्यावर गुलाबपाणी शिंपडते!”

“आता अत्तर लावा,” आबा म्हणाले.

“आता हा माझ्याबरोबर येणार,” म्हणत बाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला.

माझं मन मात्र त्यातच अडकलं. रुमालाखाली समोरचा हात कुणाचा असायचा? पिंगळीच्या एखाद्या शेतकऱ्याचा?

“बाई, एकदा मी हात घालू?”

त्यांनी रुमाल परत काढला. आम्हा दोघींचे हात त्याखाली गेले. बाईंनी माझी बोटं दाबली. मीही दाबली.

“किती ठरला गं?” आबांनी विचारलं.

“तिसऱ्याला सांगायचं न्हाई,” मी म्हणाले.