जिमच्या कोपऱ्यातला मलखांब

राजरत्न गेल्याचं मला त्याच्या मुलीनं, मैत्रीनं, फोनवर सांगितलं. "काका, डॅड इज गॉन," एवढंच ती म्हणाली. सकाळचा चहा घेता घेता त्याचं हृदय थांबलं होतं. मी अमेरिकेतल्या डब्लिन गावातल्या माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभा होतो. खरं सांगायचं तर मला आश्चर्य वाटलं नाही. गेलं वर्षभर काहीतरी वाईट होणार, ही धास्ती त्याच्या घरात पाहुण्यासारखी येऊन बसली होती. ते वाईट त्याच्या टीमपुरतंच राहील, अशी माझी समजूत होती.

राजरत्न नागपूरचा, मलखांबावर वाढलेला. इकडे इंजिनीअरिंग शिकायला आला आणि पदवी गुंडाळून ठेवून आमच्या जवळच्या विद्यापीठात पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्स टीमचा कोच झाला. आमच्या सगळ्या आयटीवाल्यांना हे काही केल्या पचायचं नाही. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी कुणीतरी नवा माणूस विचारायचाच, "हो, पण जॉब काय करता?" हा जेवता जेवता सांगायचा, "पोरांना उलटं टांगतो." विचारणारा हसायचा आणि मग हळूच माझ्याकडे बघायचा, की हे खरं का?

त्याच्या जिमच्या कोपऱ्यात लोखंडी बैठकीवर बसवलेला एक शिसवी मलखांब होता, नागपूरहून हट्टानं आणलेला. सरावाआधी टीममधल्या प्रत्येकानं त्यावर तळहात ठेवायचा, मग आपापल्या साधनावर ठेवायचा, हा त्याचा नियम. सोनेरी केसांची, सहा-सहा फुटी पोरं मुकाट्यानं खांबाला हात लावताना बघून मला मौज वाटायची. मी एकदा त्याला छेडलंही, की बुद्धवंदना म्हणणारा माणूस तू, खांबाची पूजा कसली करतोस? "पूजा नाही रे बापा," तो म्हणाला. "आखाड्यात मारुतीसमोर हात जोडून चढायचो. मारुती तिकडंच राहिला, हात तेवढा सोबत आला. ज्याच्यावर अंग टाकायचं, ते हलतंय का हे बघायला नको?" ही खोड त्याला कुठंही सुटत नसे. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाला, "हे हलतंय." मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्याच आठवड्यात तो पाना घेऊन आला आणि कठडा आवळून गेला.

विद्यापीठातलं हलणंही त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. इथं फुटबॉल आणि बास्केटबॉल कमावतात आणि कुस्ती, पोहणं, तलवारबाजी, जिम्नॅस्टिक्स ही मंडळी त्या कमाईवर जगतात. आता नव्या नियमानं विद्यापीठानं कमावणाऱ्या खेळाडूंनाच पैसे द्यायचे म्हटल्यावर कात्री कुठं लागणार हे उघड होतं, पण उघड कुणी बोलत नव्हतं. आधी कॉरिडॉरमधले जुन्या टीमचे फोटो उतरवले, भिंतीला रंग द्यायचाय म्हणून. रंग दिला, वाळला... फोटो परत आले नाहीत. मग फाटलेली मॅट बदलायची राहिली. मग स्पर्धांना जायची बस जाऊन भाड्याच्या व्हॅन आल्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, "नथिंग टु वरी, कोच." राजरत्न मला म्हणायचा, "यार, काळजी करू नका असं माणूस कधी सांगतो?"

त्याच दिवसांत माझ्या बायकोची मावसबहीण वंदना अल्फारेटाहून मुलाला घेऊन आमच्याकडे आली. निखिल चांगला जिम्नॅस्ट. त्याला कुठल्या विद्यापीठात जायचं हे ठरवायचं होतं आणि त्याचा जीव राजरत्नच्या टीमवर जडला होता. मीच त्यांना जिम दाखवायला घेऊन गेलो. खेळ विभागाचे एक साहेब स्वागताला आले होते. जिमचं भविष्य उज्ज्वल आहे वगैरे त्यांनी सांगितलं आणि कोच, तुम्हीही दोन शब्द बोला, म्हणाले. राजरत्ननं खांबावर हात ठेवला. चेहऱ्यावर तेच कोचचं हसू ठेवून तो मराठीत बोलायला लागला. "ताई, हसत राहा. पोराला इथं पाठवू नका. हे बंद होणार आहे." साहेब कौतुकानं मान डोलावत होते. वंदना हसत राहिली, पण तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "आई, व्हॉट डिड ही से?" निखिल विचारत होता.

बाकीच्या घरांनाही त्यानं तेच सांगितलं असणार, एकेकट्याला गाठून, इंग्रजीत. त्या वर्षी नवीन एकही मुलगा आला नाही. आणि साहेबांना हवं ते कारण आयतं मिळालं. नवे खेळाडूच येत नाहीत म्हणून टीम नाइलाजानं बंद करत आहोत, असं त्यांनी जाहीर केलं. त्या संध्याकाळी राजरत्न आमच्या डेकवर येऊन बसला. "मीच मारली का रे टीम?" मी म्हटलं, तू पोरं वाचवलीस. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलं नाही हे मला दिसत होतं. उठताना त्यानं सवयीनं कठड्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर काही दिवसांतच मैत्रीचा फोन आला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वंदना आणि निखिल मुद्दाम आले होते. निखिल आता दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात खेळतो. वंदना चहा घेत सांगत होती, "त्यांच्यामुळं पोरगा वाचला बघा. तिकडे सगळं छान आहे. सध्या जरा रंगकाम चाललंय, भिंतीवरचे फोटोबिटो उतरवलेत म्हणे." मी हातातली किटली खाली ठेवली. राजरत्न असता तर त्यानं काय केलं असतं, हे मला विचारावं लागलं नाही. निखिल शेजारीच उभा होता. मी मराठीत म्हटलं, "वंदना, हसत राहा..." आणि फोटो उतरवण्याचा अर्थ तिला सांगितला. ती हसत राहिली, त्या दिवशीसारखीच.

जिमला आता कुलूप आहे. मलखांब मैत्रीनं माझ्याकडे आणून दिला. लोखंडी बैठक जिममध्येच राहिली आणि आमच्या कॉलनीत अंगणात खांब पुरायला परवानगी नाही, म्हणून तो गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्यांशेजारी आडवा ठेवलाय. रोज गाडी काढण्याआधी मी त्याच्यावर तळहात ठेवतो. तेल पिऊन गुळगुळीत झालेलं लाकूड, राजरत्नच्या हाताची झीज बोटांना लागते. जराही हलत नाही. आडवा पडलेला खांब कशाला हलेल...