चुकीचं पान

वडील फोनवर कधी थेट मुद्द्यावर येत नाहीत. आधी पाऊस, मग म्हैस, मग "जेवलीस का". त्या दिवशी मात्र "अमीनचाचा गेले" एवढंच म्हणाले आणि फोन तसाच कानाला धरून उभे राहिले... पलीकडून साळुंक्यांचा कलकलाट ऐकू येत होता. म्हणजे ते बांधावरच्या चिंचेखाली होते. मी धाराशिवहून एसटीनं परंड्याला चाचांच्या घरी पोचले, तोवर मयत उचलली होती. चाचींजवळ बसून राहिले. कब्रस्तानातून माणसं परतली, तेव्हा माझे वडील आणि काका एकाच मोटरसायकलवरून उतरले. सख्खे भाऊ एका गाडीवरून आले, यात नवल ते काय, असं कुणालाही वाटेल. मला मात्र ते नवल चाचांचं वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

अमीनचाचा सुतार. आमच्या घराचं दार त्यांच्या हातचं, आणि घरातलं पहिलं टेबलही. मी दहावीला होते, तेव्हा ते वडिलांना म्हणाले होते, "शिकनारीला जमिनीवर वाकवू नका." मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्या टेबलावर कोपर टेकून मी पदवीपर्यंत पोचले, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. ते म्हणायचे, "टेबल म्या लई जनांना करून दिली. सगळ्यांनी त्याच्यावर टीव्ही ठेवला."

पुढं खांदा धरला, रंधा सुटला. मग त्यांनी बॅटरीवर चालणारी, पातं सरसर पुढंमागं करणारी करवत घेतली. जुनी दारं-चौकटी सोडवणं, लोखंडी नळ्या कापणं, वाढलेल्या फांद्या उतरवणं, अशी कामं ते करू लागले. ब्लेडला ते हातकरवतीच्या सवयीनं पान म्हणत. पानं एका जुन्या कापडी पिशवीत गुंडाळलेली असत: लोखंडाला बारीक दातांचं, खिळ्यांसकट लाकूड कापणारं वेगळं, आणि ओल्या लाकडाला लांब, मोठ्या दातांचं. ओला भुसा चिकट असतो, दातांमध्ये जागा नसली तर तिथंच अडकून बसतो आणि पान तापतं. पण हे सगळं मला पुष्कळ उशिरा कळलं. ज्या दिवशी चिंचेवरून भांडण झालं, त्या दिवशी यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

आमच्या आणि काकांच्या रानामधल्या बांधावर आजोबांनी लावलेली चिंच आहे. तिच्या सावलीत काकांचं पीक धरत नव्हतं, एक जड फांदी त्यांच्या पत्र्याच्या शेडवर आली होती. बोलणी वाढत गेली आणि काकांनी झाड काढायचं ठरवलं. आधी चाचांनी फांद्या उतरवायच्या, मग बुंध्याला मोठी मशीन येणार. वडील झाडाला पाठ लावून उभे राहिले. काका शांतपणे म्हणाले, "झाड गेलं की बांध मोकळा, अन् आपनबी मोकळे." आईनं तोंडाला पदर लावला. आमच्याकडं भांडणं काही कमी होत नाहीत, पण असं बोलणं कधी झालं नव्हतं.

चाचा आले. पिशवी सोडून एक लांब, टोकाशी थोडं वाकलेलं पान काढलं, दातांवरून अंगठा आडवा फिरवला, उन्हात धरलं, कपाळाला हात लावला आणि काकांना म्हणाले, "मल्लीनाथ, पान चुकलं बघा. हे ओल्याला चालत न्हाय. परंड्याला जाऊन आनतो." काका चिडले, म्हणाले, सुतार असून पान विसरता? चाचा म्हणाले, "म्हातारा झालो की. तुमी व्हाल तवा बघू." आणि गाडीला किक मारून गेले.

परत आले ते दुपार टळल्यावर. मग म्हणे बॅटरी उन्हानं तापली होती. ती निवल्याशिवाय चालवू नये, चार्जिंगलाही लावू नये म्हणून झाडाखालीच टेकले. भूक लागली म्हणाले. काकूंनी भाकरी आणली, आईनं पिठलं. चाचांनी भाकरी काकांच्या घरची आणि पिठलं आमचं असं एकाच ताटात घेतलं आणि दोघा भावांना, एकटं जेवायला बरं वाटत न्हाय, म्हणून बळंच बसवलं. तिघांत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फारसं झालंच नसावं. ऊन कलल्यावर काका उठले आणि म्हणाले, शेडवरची तेवढी फांदी काढा. मोठ्या मशीनवाल्याला त्यांनी स्वतःच फोन करून नको म्हणून सांगितलं.

पुढं चाचांचे गुडघे गेले. दरसाल फांद्या छाटायला मीच रविवारी गावी जाऊ लागले, आणि ते खाली खुर्ची टाकून शिकवू लागले. पानाला हात लावण्याआधी बॅटरी काढायची. करवतीचं तोंड फांदीला घट्ट टेकवायचं, नाहीतर ती आपल्यालाच हलवते. आधी खालून थोडं कापायचं, म्हणजे साल सोलत नाही. जोर लावायचा नाही. काम झालं की चीक रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा, पकडीतला भुसा जुन्या टूथब्रशनं झाडायचा, पानाला तेलाचा हात फिरवायचा. पहिल्याच रविवारी त्यांनी ओल्या लाकडाचं म्हणून जे पान हातात दिलं, ते मी ओळखलं. टोकाशी थोडं वाकलेलं, लांब, मोठ्या दातांचं.

"चाचा, हे तर त्या दिवशीचं. चुकलेलं."

"व्हय का?" ते म्हणाले. "नजर गेली बेटी आता. पैले खालून काप."

त्यांनी कधीच कबूल केलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. चाचींनी करवत आता मला दिली आहे. गावच्या घरी फडताळात असते, बॅटरी काढून वेगळी ठेवलेली, त्यांनी सांगितलं होतं तशी. परवा गावी गेले तेव्हा ती पुसताना राहवलं नाही. वडिलांना सगळं सांगितलं, की त्या दिवशी पान बरोबर होतं.

वडील दोरी वळत होते. हात थांबला नाही. "म्हाईत हाय की. ओल्याला मोठं दात लागत्यात, हे कुनाला कळत न्हाय?"

"आणि काकांना?"

"त्यालाबी. अमीनचाचा किक मारत व्हते तवा मल्लूनं माझ्याकडं बघितलं. म्या खाली बघितलं." त्यांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. "आमाला थांबायचं व्हतं पोरी. पर दोघांतनं कोनी थांब म्हनलं असतं, तर त्यो हरला असता. त्यांनी चूक आपल्यावर घेतली."

वडिलांनी दोरीला गाठ मारली आणि काकांच्या घराकडं बघत, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच म्हणाले,

"आता आमच्यासाठी चुकनारं कोन ऱ्हायलं..."